यादीत नसलेलं घड्याळ: आयसीएच७-एम लॅपटॉपमधल्या दडवलेल्या टायमरचं प्रकरण

मशीन २००६च्या सुमाराचं. कोअर ड्युओ प्रोसेसर, साउथब्रिज (डिस्क, टायमर वगैरे सांभाळणारी चिपसेटमधली चिप) इंटेलचा आयसीएच७-एम, सोबत आलेली सिस्टिम विंडोज एक्सपी. बायोसचे अपडेट केव्हाच थांबलेले. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या काळात अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये हाच प्रकार होता. त्यावर लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) २.६.२२ टाकलं आणि काहीही न चालवता मशीन नुसतं उघडं ठेवलं, तरी प्रोसेसर खोल झोपेत टिकत नव्हता. पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या साधनात बघावं तर सेकंदाला पस्तीस-चाळीस वेळा जाग. कीबोर्डला हात नाही, वायफाय बंद, डिस्क शांत. जागं करणारा होता फक्त टायमर इंटरप्ट, म्हणजे टायमरने प्रोसेसरला मारलेली हाक.

एप्रिल २००७मध्ये आलेल्या २.६.२१ कर्नलने ३२-बिट इंटेल मशीनवर 'टिकलेस' पद्धत आणली होती. त्याआधी कर्नल ठरावीक गतीने, सेकंदाला २५० किंवा १००० वेळा, काम असो नसो उठायचं. टिकलेसमध्ये पुढचं काम कधी आहे ते बघून तेवढ्यापुरता एकच गजर लावायचा आणि तोवर निवांत पडायचं. मे महिन्यात इंटेलने पॉवरटॉप आणलं आणि कोण किती वेळा उठवतंय ते लोकांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसायला लागलं. त्यामुळे ही तक्रार २००७मध्येच वर आली यात नवल नाही. दोष त्याआधीही होताच, पण सेकंदाला हजार टिकांच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू येणार?

आता हा गजर लावायचा कुठे? प्रत्येक कोअरमध्ये स्वतःचा लोकल एपिक टायमर असतो. जलद, अचूक, हाताशी. पण या पिढीतल्या प्रोसेसरमध्ये कोअर सी३ या खोल झोपेत गेला की हा टायमरही थांबतो. म्हणजे गजर उशाशी लावायचा आणि झोप लागताच घड्याळच बंद. म्हणून कर्नलला प्रोसेसरच्या बाहेरचा, चिपसेटमधला एखादा टायमर लागतो, जो सगळ्या कोअरच्या वतीने जागा राहील. कर्नलच्या भाषेत हे ब्रॉडकास्ट उपकरण.

या मशीनवर ब्रॉडकास्टला नेमला गेला होता पीआयटी, म्हणजे मूळ आयबीएम पीसीपासून चालत आलेला टायमर. त्याची गती १.१९३१८२ मेगाहर्ट्झ आणि काउंटर फक्त १६ बिटांचा. लिनक्स त्यात एका वेळी जास्तीत जास्त ३२,७६७ मोजायला लावतं, म्हणजे सुमारे २७ मिलिसेकंद. पुढचं काम दोन सेकंदांनी असलं तरी पीआयटीला तेवढं लांबचं दिसतच नाही. २७ मिलिसेकंदांनी उठायचं, काही काम नाही हे बघायचं, पुन्हा २७ लावायचे. सेकंदाला ३६ जागा इथल्याच. वर जी काही थोडीफार खरी कामं होती ती धरली की पॉवरटॉपचा आकडा जुळतो.

खरं तर आयसीएच७-एममध्ये याच कामासाठी बनवलेला टायमर आहे: एचपीईटी, हाय प्रिसिजन इव्हेंट टायमर. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून त्याचा तपशील ठरवला, १.०ए ही आवृत्ती ऑक्टोबर २००४ची. आयसीएचमध्ये त्याची गती १४.३१८१८ मेगाहर्ट्झ, काउंटर ६४ बिटांचा, तीन स्वतंत्र गजर. लिनक्स एका दमात त्याला ३१ बिटांपर्यंतचा गजर देतं, म्हणजे जवळपास १५० सेकंद. २७ मिलिसेकंद आणि १५० सेकंद! दोन्ही टायमर एकाच बोर्डावर, आणि कर्नल पहिल्यावर भागवत होतं. (जाता जाता: या १४.३१८१८ला १२ने भागलं की पीआयटीची गती मिळते आणि ४ने भागलं की एसीपीआय पीएम टायमरची ३.५७९५४५. एकाच स्फटिकावर तीन पिढ्या पोसल्या गेल्या आहेत, आणि तो आकडा येतो अमेरिकी रंगीत टीव्हीच्या मानकातून.)

बायोस काय म्हणत होता

ऑपरेटिंग सिस्टिमला एचपीईटी आहे हे कळतं ते एसीपीआयच्या (फर्मवेअरने सिस्टिमला हार्डवेअरची माहिती द्यायचं मानक) तक्त्यांतून. बूट होताना बायोस मेमरीत काही तक्ते मांडून ठेवतो. त्यात 'एचपीईटी' याच नावाचा ५६ बाइटांचा छोटा तक्ता असतो. टायमरचा ओळख क्रमांक, त्याचा पत्ता, आणखी दोन-चार नोंदी, बस. निरोगी मशीनवर बूट लॉगच्या सुरुवातीलाच एसीपीआयची एक ओळ दिसते, तिच्यात ओळख क्रमांक आणि पत्ता. आमच्या लॅपटॉपवर ती ओळच नव्हती. तक्त्यांच्या यादीत बाकी सगळे होते, एचपीईटी नव्हता. बायोसच्या सेटअपमध्येही त्याचा पर्याय नाही.

सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून शेतात विहीर नाही, असं होत नाही. पण कर्नलने त्या वेळी नेमकं तेच गृहीत धरलं होतं, आणि त्याला फार दोष देता येत नाही. सर्वसाधारण पीसीवर कुठल्या पत्त्यावर काय आहे हे कर्नलला फर्मवेअरच सांगतं. अंदाजाने कुठल्याही पत्त्यावर वाचायला-लिहायला गेलं तर मशीन अडकण्याची भीती.

बायोसने नोंद का केली नसेल? विंडोज एक्सपी आपलं घड्याळ चालवायला एचपीईटीवर अवलंबून नव्हतं. जे मशीन एक्सपीसाठी विकायचं आणि एक्सपीवरच तपासायचं, त्यात हा तक्ता असला काय आणि नसला काय, तपासणीत फरक पडत नाही. माझ्या मते इथे कट वगैरे काही नाही, निव्वळ 'चालतंय ना, मग राहू दे'. त्याचा भुर्दंड मात्र पुढची सिस्टिम टाकणाऱ्याला.

चिपला थेट विचारणं

बायोस गप्प असला तरी आयसीएच७चं डेटाशीट उघड उपलब्ध आहे, आणि प्रकरणाची किल्ली तिथे आहे. साउथब्रिजचा एलपीसी ब्रिज (जुन्या, संथ उपकरणांचा दुवा) पीसीआय बसवर ३१व्या उपकरणाच्या शून्याव्या फंक्शनवर बसतो. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'एफ०' या स्थानावर आरसीबीए नावाचा पत्ता असतो: चिपसेटच्या अंतर्गत रजिस्टरांचा १६ किलोबाइटांचा खण कुठे आहे तो. सेटपीसीआय या कमांडने वाचलं तेव्हा या मशीनवर उत्तर आलं एफईडी१सी००१. शेवटचा १ म्हणजे 'खण चालू आहे' हा बिट. तो काढला की पत्ता एफईडी१सी०००. या खणात हेक्साडेसिमल ३४०४ एवढं आत गेलं की एचपीटीसी रजिस्टर. त्याचा सातवा बिट एचपीईटी चालू-बंद करतो आणि खालचे दोन बिट चारपैकी एक पत्ता निवडतात. पहिला पर्याय एफईडी०००००, म्हणजे ४ जीबीच्या रेषेच्या बरोबर १९ एमबी खाली. बाकीचे तीन त्याच्यापुढे ४-४ किलोबाइटांवर.

या रजिस्टरमध्ये दोनपैकी एक गोष्ट सापडू शकते, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. सातवा बिट आधीच १ असेल, तर बायोसने टायमर चालू केला, फक्त सांगितलं नाही. कर्नलच्या कोडमध्ये या शाखेवर टिपणीही तशीच आहे: टायमर चालू आहे, बायोसने नुसता कळवलेला नाही. अशा वेळी कर्नलला काहीच बदलावं लागत नाही, पत्ता टिपून घेतला की झालं. बिट ० असेल तर मात्र बायोसने टायमर बंदच ठेवलाय, आणि तो चालू करणं म्हणजे बायोसच्या निर्णयावर हात टाकणं.

आमचं मशीन दुसऱ्या गटातलं. रजिस्टरमध्ये शून्य.

आयसीएच६ आणि त्यापुढच्या चिपसाठीचा उपाय इंटेलच्या व्यंकटेश पल्लीपदी यांनी लिहिला आणि तो जानेवारी २००८च्या २.६.२४ कर्नलमध्ये आला. पीसीआय बस तपासताना यादीतला एलपीसी ब्रिज दिसला की एक 'क्वर्क' फंक्शन, म्हणजे ठरावीक हार्डवेअरच्या खोडीवरचा इलाज, चालतं. एसीपीआयकडून पत्ता आधीच मिळाला असेल तर ते काही न करता परत फिरतं. आरसीबीए शून्य असेल तरीही परत. नाहीतर एचपीटीसी वाचतं, सातवा बिट लावतं, आणि लगेच तेच रजिस्टर पुन्हा वाचून बघतं की बिट खरंच टिकला का. टिकला नसेल तर 'जमलं नाही' एवढं लॉगमध्ये लिहून पीआयटीवरच समाधान मानतं. हे पुन्हा वाचणं मला या सगळ्या कोडमधलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. काही बोर्डांवर रजिस्टर कुलूपबंद असू शकतं. लिहिलं म्हणजे झालं असं हार्डवेअरमध्ये कधीच धरू नये.

बिट टिकला तरी विश्वास लगेच ठेवला जात नाही. पुढचं फंक्शन एफईडी०००००वर जाऊन तीन गोष्टी बघतं. तिथे कुणी उत्तरच देत नसेल तर बसवर सगळे बिट १ येतात. तसं वारंवार दिसलं तर नाद सोडायचा. मग टायमरने स्वतः सांगितलेला एका टिकेचा काळ वाचायचा. तो १०० नॅनोसेकंदांहून मोठा किंवा हास्यास्पद लहान असेल तरी नाद सोडायचा, कारण मानकानुसार एचपीईटी किमान १० मेगाहर्ट्झचा हवाच. शेवटी काउंटर दोनदा वाचायचा, मधे थोडं थांबून. आकडा हलला नाही तर घड्याळ मेलेलं आहे.

आमच्या लॅपटॉपवर पहिल्या रजिस्टरचा खालचा अर्धा भाग आला ८०८६ए२०१ आणि वरचा ०४२९बी१७एफ. हे आकडे उलगडून बघण्यात मजा आहे. ८०८६ हा इंटेलचा विक्रेता क्रमांक. 'ए२'मधले बिट सांगतात की जुन्या इंटरप्टची जागा घेता येते, काउंटर ६४ बिटांचा आहे आणि शेवटच्या टायमरचा क्रमांक २, म्हणजे एकूण ३. राहिलेलं ०१ म्हणजे आवृत्ती. वरच्या भागाचं दशमान रूप ६,९८,४१,२७९ फेम्टोसेकंद, म्हणजे ६९.८४ नॅनोसेकंद, त्याचा व्यस्त काढला की नेमके १४.३१८१८ मेगाहर्ट्झ. बायोसने दडवलेल्या टायमरने स्वतःची ओळख स्वतःच पटवून दिली होती.

उशिरा आलेलं घड्याळ

एक अडचण क्रमाची होती. कर्नलला घड्याळ बूटच्या अगदी सुरुवातीला लागतं. पीसीआय बस तपासली जाते बरीच नंतर. बायोसने सांगितलं असतं तर एचपीईटी पहिल्या क्षणापासून कामाला लागला असता. इथे कर्नल पीआयटीवर बूट होतं, मधे क्वर्क चालतो, सापडलेला पत्ता बाजूला ठेवला जातो, आणि नंतर एक उशिराचं प्रारंभ-फंक्शन तो पत्ता उचलून टायमर सुरू करतं. म्हणून अशा मशीनचा लॉग विचित्र दिसतो: सुरुवातीला एचपीईटीचं नावही नाही, मधेच ००:१एफ.० या उपकरणाच्या नावाने 'फोर्स एनेबल्ड' अशी ओळ, आणि खाली तीन कंपॅरेटर (म्हणजे ते तीन गजर), ६४-बिट, १४.३१८१८० मेगाहर्ट्झ.

दुसरी गुंतागुंत इंटरप्टची. एचपीईटी 'लेगसी रिप्लेसमेंट' पद्धतीत लावला की त्याचा पहिला टायमर पीआयटीचा इंटरप्ट ० घेतो आणि दुसरा आरटीसीचा (बॅटरीवर चालणारं तारीख-वेळेचं घड्याळ) ८. आरटीसीचे गजर मग आरटीसीच्या इंटरप्टने वाजत नाहीत. कर्नलला ते एचपीईटीवरून नक्कल करून द्यावे लागतात. हे कोड आधीपासून होतं. तरी अशा मशीनवर जुने आरटीसी प्रोग्राम चालवत असाल तर पहिला संशय इथे घ्यावा.

क्लॉकसोर्सच्या, म्हणजे वेळ वाचायच्या घड्याळाच्या, बाजूनेही फरक पडला. या प्रोसेसरचा टीएससी (त्याच्या आतलाच टिका मोजणारा काउंटर) सी३मध्ये थांबतो म्हणून कर्नल तो अस्थिर ठरवून बाजूला करतं, आणि वेळ वाचायला एसीपीआय पीएम टायमर वापरतं. तो २४ बिटांचा असेल तर ४.७ सेकंदांत गुंडाळला जातो, शिवाय वाचायचा आयओ पोर्टवरून, म्हणजे सावकाश. कर्नलच्या पसंतीक्रमात एचपीईटीला २५० गुण, पीएम टायमरला २००. टायमर सापडताच बदल आपोआप झाला. /proc/टायमर_लिस्टमध्ये ब्रॉडकास्ट उपकरणासमोर पीआयटीच्या जागी एचपीईटी दिसायला लागला आणि पॉवरटॉपमधला तो पस्तीस-चाळीसचा डोंगर खाली आला.

झाकण मिटून उघडल्यावर

खरी कसोटी सस्पेंडची. एस३मधून, म्हणजे सस्पेंडमधून, उठताना आधी बायोस जागा होतो आणि चिपसेट आपल्या समजुतीप्रमाणे पुन्हा मांडतो. त्याच्या समजुतीत एचपीईटी बंद. म्हणजे कर्नल परत येईपर्यंत सातवा बिट पुन्हा ०, आणि ज्या टायमरवर सगळं टांगलंय तोच गायब. म्हणून क्वर्कने कोणत्या प्रकारे टायमर चालू केला ते लक्षात ठेवलं जातं आणि उठताना तीच क्रिया पुन्हा केली जाते.

पण इथे कोडचा सूर बदलतो. बूटच्या वेळी बिट टिकला नाही तर कर्नल निमूट माघार घेतं. उठताना तोच बिट टिकला नाही तर आयसीएचच्या फंक्शनमध्ये सरळ बग() आहे, म्हणजे कर्नल तिथेच हात टेकतं. आधी मला हे टोकाचं वाटलं होतं. पण नीट बघितलं तर दुसरा मार्ग फारसा नाही. चालू सिस्टिमचं घड्याळ आणि गजर दोन्ही त्या टायमरवर आहेत. तो उठलाच नाही तर मशीन तसंही गोठल्यासारखंच पडून राहणार, आणि कारण कुणालाच कळणार नाही. बग() निदान कुठे अडलं ते सांगतं.

आमच्या लॅपटॉपवर उठल्यानंतर 'रिझ्यूमला पुन्हा चालू केला' ही ओळ दर वेळी येते. बायोस दर वेळी टायमर बंद करतो आणि कर्नल दर वेळी तो चालू करतं.

कुणासाठी आपोआप, कुणासाठी विचारून

आयसीएच६पासून पुढे हे आपोआप होतं. आयसीएच४ आणि ५मध्येही एचपीईटी आहे. तिथे चालू करायचा बिट जनरल कंट्रोल रजिस्टरमध्ये सतराव्या जागी आणि पत्ता पंधराव्या-सोळाव्या बिटात. व्हीआयए, एनव्हिडिया आणि एटीआयच्या काही चिपसाठीही क्वर्क आले. पण यांतल्या बऱ्याच ठिकाणी वापरकर्त्याने बूटला 'एचपीईटी=फोर्स' असं स्पष्ट लिहून दिल्याशिवाय कर्नल हात लावत नाही. जुन्या आयसीएचच्या कोडवर कारण एका टिपणीत दिलंय: चिपसेटची ही सोय कागदोपत्री नाही, वापरकर्त्यानेच हट्ट धरला आहे याची खात्री करा. डेटाशीट हातात असलं तर फर्मवेअरला बाजूला सारायचं, नसलं तर मालकाची सही घ्यायची. मला ही रेघ पटते. बायोस चुकला म्हणून कर्नललाही वाटेल तिथे बिट फिरवायची मुभा मिळत नाही.

लोकल एपिकची गोष्टही याच जातीची. काही ३२-बिट मशीनवर बायोस तोही बंद ठेवून द्यायचा, म्हणजे त्यातला टायमरही गेला. कर्नल लॉगमध्ये सांगतं की बायोसने एपिक बंद केलाय, हवा तर 'लॅपिक' लिहून चालू करा. स्वतःहून करत नाही.

आणि तक्ता दिला म्हणून बायोस बरोबर असतो असंही नाही. काहींनी पत्त्याच्या जागी शून्य लिहिलं. कर्नल ते नाकारतं. त्याहून कहर म्हणजे काहींनी ६४-बिट पत्त्याचे दोन अर्धे उलटे भरले, त्यामुळे एफईडीपुढे पाच शून्यांऐवजी तेरा. कर्नल तो आकडा ओळखतं, ३२ बिट उजवीकडे सरकवतं आणि 'दुरुस्त केला' असं लॉगमध्ये ओरडतं. असा खास एका चुकीसाठीचा कोड वाचताना कुणाचा तरी अख्खा शनिवार यात गेला असणार हे जाणवतं.

पुढे प्रोसेसरच बदलले. झोपेतही न थांबणारा लोकल एपिक टायमर आला, टीएससी स्थिर झाला आणि एचपीईटीची गरज उरली ती मुख्यतः टीएससीवर नजर ठेवण्यापुरती. मग उलटाच घोळ सुरू झाला. इंटेलच्या बे ट्रेलवर आणि नंतर कॉफी लेकवर बायोस एचपीईटी नियमाप्रमाणे कळवायचा, पण प्रोसेसर खोल झोपेत गेला की एचपीईटीच थांबायचा. पहारेकरी मागे पडला आणि कर्नल त्याच्या भरवशावर चांगल्या टीएससीला अस्थिर ठरवायला लागलं. म्हणून २०१९मध्ये कॉफी लेकवर एचपीईटी जबरदस्तीने बंद करणारा क्वर्क आला. २०२१मध्ये त्या मॉडेलच्या यादीच्या जागी पीसी१० ही खोल झोप आहे का ते बघणारी सर्वसाधारण तपासणी आली. बंद करणारे क्वर्क 'अर्ली' फाइलमध्ये गेले, कारण बायोसच्या तक्त्यावर विश्वास बसायच्या आत ते चालायला हवेत. चालू करणारे मात्र पीसीआय तपासणीपर्यंत थांबतात.

कपाटात अजून आयसीएच६ ते आयसीएच१०चं एखादं मशीन पडलं असेल तर तपासणी सोपी आहे. बूट लॉगमध्ये 'एचपीईटी' शोधा. एसीपीआयची ओळ असेल तर बायोस प्रामाणिक आहे. फक्त 'फोर्स एनेबल्ड' असेल तर क्वर्कने काम केलंय. दोन्ही नसतील तर आरसीबीए वाचून एचपीटीसीपर्यंत जा. चिप इंटेलची नसेल आणि 'एचपीईटी=फोर्स' लावावं लागलं असेल, तर ते ग्रबमध्ये (लिनक्सच्या बूटलोडरमध्ये) कायमचं लिहिण्याआधी झाकण दोन-चार वेळा मिटून-उघडून बघा, आणि उठल्यावर /proc/टायमर_लिस्टमध्ये ब्रॉडकास्टला कोण बसलंय ते वाचा.